हरित विकास आणि संस्थात्मक गुणवत्ता

हरित विकास म्हणजे उत्पादन वाढत असताना दर नगामागे लागणारे पाणी, वीज व जमीन आणि होणारे प्रदूषण कमी करत नेणे. २००५ साली सोल येथील आशिया-पॅसिफिक मंत्रिपरिषदेत ही कल्पना धोरण म्हणून पुढे आली. संस्थात्मक गुणवत्ता म्हणजे नियम करणाऱ्या, तपासणाऱ्या आणि अंमल बजावणाऱ्या यंत्रणांचा कस. जागतिक बँक तो सहा निर्देशकांनी जोखते. कायद्याचे राज्य, भ्रष्टाचारावरील नियंत्रण हे त्यांपैकी दोन. दोन्ही गोष्टी एकमेकींना बांधलेल्या आहेत. दर नगामागचे प्रदूषण घटले, पण नग त्याहून वेगाने वाढले, तर खाडीत जाणारी घाण वाढतेच. एकूण भाराला आवर घालण्याचे काम यंत्र करत नाही, संस्थेलाच करावे लागते.

नवी मुंबईत हे जवळून पाहता येते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या मूल्यमापनात या औद्योगिक क्षेत्राला ७३.७७ गुण मिळाले. ७० च्या वरचे क्षेत्र अतिगंभीर प्रदूषित गणले जाते. त्याच शहरात पुढे ऐरोली व कोपरखैरणे येथे सांडपाण्यावर तिसऱ्या टप्प्यातील, म्हणजे नेहमीच्या शुद्धीकरणानंतरची आणखी बारीक प्रक्रिया करणारी, दररोज प्रत्येकी २० दशलक्ष लिटर क्षमतेची केंद्रे उभी राहिली. हे पाणी कारखान्यांना द्यायचे, म्हणजे तेवढे धरणाचे पाणी वाचते. मात्र बारवी धरणाचे ताजे पाणी त्याहून स्वस्त पडले किंवा शुद्धतेची खात्री रोजच्या रोज मिळाली नाही, तर कारखानदार ते घेत नाही. केंद्र महापालिकेचे, ताजे पाणी एमआयडीसीचे, म्हणजे राज्याच्या औद्योगिक विकास महामंडळाचे. दोघांचे दर एकत्र बसून ठरले पाहिजेत.

याहून बोलके उदाहरण धारण तलावांचे, म्हणजे पावसाचे पाणी काही तास धरून ठेवणाऱ्या तलावांचे. शहराचा बराच भाग खाजणावर भर टाकून वसवलेला, मोठ्या भरतीच्या पातळीहून खाली. म्हणून शहर वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाने डच पद्धतीने बांध, तलाव आणि एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा बांधल्या. भरतीचा दाब आला की झडप मिटते आणि पावसाचे पाणी तलावात साठते. ओहोटीला झडप उघडून ते खाडीत जाते. पंपाविना, विजेविना चालणारी ही रचना खरोखर सुंदर आहे.

बिघाड बारीक गोष्टीतून सुरू होतो. झडपेच्या ओठात फांदी किंवा प्लॅस्टिक अडकते, बिजागरी गंजते. भरतीचे पाणी आत शिरते, सोबत गाळ आणि तिवराची, म्हणजे खाडीकाठच्या कांदळवनातील झाडाची, तरंगती बीजे आणते. एक हेक्टर तळावर एक मीटर गाळ बसला की एक कोटी लिटरची जागा गेली. त्या गाळावर तिवरे उभी राहतात. मग तलाव उपसायचा तर ती तोडावी लागतात, आणि त्यांना मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ व २०१८ च्या आदेशांचे संरक्षण आहे. वनखाते, किनारा क्षेत्र प्राधिकरण, न्यायालय अशी परवानग्यांची वाट सुरू होते, तोवर ४.५ मीटरहून मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की सखल भागात पाणी भरते.

यात दोष कांदळवन संरक्षणाच्या नियमाचा नाही. त्या नियमामुळेच ठाणे खाडीचा काठ वाचला. २०१५ मध्ये तेथे फ्लेमिंगो अभयारण्य झाले आणि २०२२ मध्ये ते आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेले. दोष वर्षानुवर्षे लांबलेल्या देखभालीचा आहे. तिवरे रुजण्याआधी गाळ काढला असता, तर परवानगीचा प्रश्नच उद्भवला नसता. त्यासाठी दर उन्हाळ्यात तलावाची खोली ठरलेल्या बिंदूंवर मोजून नोंदवावी लागते आणि झडप दोनदा पाहावी लागते: ओहोटीला अडकलेला कचरा दिसतो, गळती मात्र भरतीच्या वेळी आतल्या बाजूने उभे राहिल्यावरच कळते.