वेगळी चूल आणि वेगळं घर

वेगळं राज्य मागणाऱ्याला लगेच 'फुटीर' म्हणून मोकळं व्हायची आपल्याला खोड आहे. निदान इंदूरकरांनी तरी तसं करू नये.

खरोखर वेगळं राहण्याचा विचार इथे १९४७ मध्ये झाला. महाराजा यशवंतराव होळकर (दुसरे) भोपाळचे नवाब हमीदुल्ला खान यांच्याकडे झुकले होते आणि सामीलनाम्यावर सही करायला टाळाटाळ करत होते. इंग्रजांचं अधिराज्य संपलं की संस्थानिक पुन्हा सार्वभौम, असा त्यामागचा हिशेब. त्यात प्रजेला विचारण्याचा प्रश्नच नव्हता!

अखेर सही झाली आणि मे १९४८ मध्ये मध्यभारत हे राज्य उभं राहिलं. ग्वाल्हेरचे शिंदे राजप्रमुख (म्हणजे राज्यपालासारखं पद), होळकर उपराजप्रमुख. पण राजधानीवरून ग्वाल्हेर आणि इंदूर दोघंही हटेनात, तेव्हा हिवाळ्यात ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर अशी तोड निघाली. आज हसू येतं, पण राजधानी म्हणजे कचेऱ्या, नोकऱ्या आणि मंत्र्याच्या दारापर्यंत पोचायची सोय. रुसवे बहुधा तिथूनच सुरू होतात.

भाषेचं कारण खोटं नाही. आंध्र १९५३ मध्ये भाषेवरच झाला. पण विदर्भ पाहा. १९५६ मध्ये तिथले आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले, जुन्या मध्यप्रदेशाची राजधानी असलेल्या नागपूरचं राजधानीपद गेलं. राज्यांच्या पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगाने तर आदल्याच वर्षी स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली होती. पुढे मराठी राज्य मिळालं, तरी मागणी विझली नाही.

देशाबाहेर पडण्याची भाषा मात्र निराळी. द्रमुकने द्रविडनाडू, म्हणजे दक्षिणेत वेगळा देश, मागितला होता. चीन युद्धानंतर पक्षाने ती मागणी सोडली. १९६३ च्या सोळाव्या घटनादुरुस्तीने उमेदवारांना देशाच्या अखंडतेची शपथ घालून दिली. चारच वर्षांत तो पक्ष मद्रासमध्ये निवडून आला. वेगळी चूल हवी होती, ती घरातच मिळाली.

आपल्याकडे १९५६ मध्ये मध्यभारत नव्या मध्यप्रदेशात विलीन झाला आणि राजधानी भोपाळला गेली, तेव्हा इतरांचं मन राखायला वाटण्या झाल्या: हायकोर्ट जबलपूरला, त्याची खंडपीठं इंदूर-ग्वाल्हेरला, लोकसेवा आयोग इंदूरला, महसूल मंडळ ग्वाल्हेरला. छत्तीसगड २००० मध्ये बाहेर पडला, तेव्हा त्यानेही हाच धडा गिरवला. राजधानी रायपूर, हायकोर्ट बिलासपूर.