वस्ती कुणाची? सरकार-रहिवासी भागीदारीची पार्श्वभूमी

सरकार आणि रहिवाशांनी मिळून वस्ती सुधारायची ही गोष्ट आता सगळेच बोलतात, पण अमेरिकेत सुरुवात अगदी उलटी झाली होती. १९३० च्या दशकात तिथे सरकारी नकाशांवर शहरातल्या गरीब आणि कृष्णवर्णीय वस्त्या लाल रंगात दाखवल्या, म्हणजे इथे कर्ज देणं धोक्याचं, आणि कर्जच नाही म्हटल्यावर डागडुजी कुठून होणार, ज्यांना जमलं ते उपनगरात गेले, बाकीचे अडकले. मग १९४९ चा हाउसिंग ॲक्ट (गृहनिर्माण कायदा) आला आणि त्याच्या पैशातून अशा वस्त्यांवर बुलडोझर फिरला. बॉस्टनचा वेस्ट एंड असाच जवळजवळ अख्खा सपाट केला.

यावर ओरड झाली तेव्हा १९६४ च्या गरिबीविरोधी कायद्यात लोकांचा 'शक्य तितका जास्तीत जास्त सहभाग' हवा असं लिहिलं गेलं. महापौरांना ते पचलं नाही, कारण पैसा त्यांना बाजूला ठेवून स्थानिक संस्थांकडे जायला लागला, त्यामुळे १९६६ च्या मॉडेल सिटीज या सरकारी शहर-सुधार योजनेत सूत्रं परत सिटी हॉलकडे, म्हणजे महापालिकेकडे. १९६९ मध्ये शेरी अर्नस्टीन या अमेरिकन धोरण-अभ्यासक बाईने सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली, जितकं वर तितकी सत्ता लोकांच्या हाती. त्यात भागीदारी थेट सहाव्या पायरीवर आहे, नुसतं मत विचारणं चौथ्या. (बहुतेक योजना चौथीवरच बसकण मारतात आणि सहावीचा फोटो काढतात, हे माझं मत.)

खरं वळण मला बॉस्टनच्याच रॉक्सबरीत दिसतं. डडली स्ट्रीट भागात साधारण एक तृतीयांश जमीन ओसाड, मालकांनी सोडून दिलेली, विम्यासाठी जाळलेली घरं, बाहेरून येऊन टाकलेला कचरा. १९८४ च्या सुमाराला एक फाउंडेशन मदतीला आलं, इतर संस्थांना घेऊन प्लॅन केला, पण सभेत लोकांनी सरळ विचारलं की तुमच्यापैकी इथे राहतं कोण? मग या कामासाठी उभ्या राहणाऱ्या संघटनेचं बोर्ड बदललं आणि त्यात रहिवाशांचं बहुमत झालं. १९८८ मध्ये तर शहराने या संघटनेला रिकाम्या खाजगी जागा सक्तीने ताब्यात घ्यायचा अधिकारच दिला, जो एरवी सहसा सरकारकडे असतो! जमीन ट्रस्टकडे ठेवली, घर घेणाऱ्याला जमीन भाडेपट्ट्यावर, आणि पुढे विकताना किमतीला मर्यादा, म्हणजे वस्ती सुधारली म्हणून तिथलेच लोक महागाईने बाहेर फेकले जाऊ नयेत.