चिनी पाकशाळेतील हुद्दे व त्यांची इंग्रजी भाषांतरे

चिनी पाकशाळेतील पदनामे प्रामुख्याने हत्यार, जागा किंवा कामाचा टप्पा यांवरून पडली आहेत. इंग्रजीत रूढ असलेली पदनामे फ्रेंच पाकशाळेतून आली. ती बहुधा सॉस, मासे, भाजणी अशा पदार्थप्रकारांवरून ठरतात. त्यामुळे एकास एक प्रतिशब्द क्वचितच मिळतो.

प्राचीन पदनामांत ‘शान्फू’ (राजाच्या भोजनव्यवस्थेचा अधिकारी) सर्वाधिक वादग्रस्त आहे. ‘चौ ली’ या विधिग्रंथात शान्फूच्या कचेरीत २ वरिष्ठ, ४ मध्यम व ८ कनिष्ठ अधिकारी, २ भांडारी, ४ लेखनिक, १२ मुकादम व १२० सेवक, म्हणजे एकूण १५२ माणसे सांगितली आहेत. परंपरेने हा ग्रंथ चौच्या ड्यूकच्या (चौ राजवंशाच्या आरंभीचा मुत्सद्दी) नावावर असला, तरी आज तो बहुधा युद्धमान राज्यांच्या काळातील (इ.स.पू. पाचवे ते तिसरे शतक) मानला जातो, काही अभ्यासक त्याला त्यानंतरच्या हान राजवटीच्या काळापर्यंत अलीकडे आणतात. ग्रंथातील शान्फू राजाच्या खाण्यापिण्याची व्यवस्था पाहतो. मात्र शांघाय संग्रहालयातील ‘दा ख दिंग’ या कांस्यपात्रावरील लेखात (साधारणतः इ.स.पू. नववे शतक) ख नावाचा शान्फू राजाज्ञा बाहेर पोहोचवतो, बाहेरचे वृत्त राजाला कळवतो आणि इनाम म्हणून जमिनी व माणसे मिळवतो. अशा अधिकाऱ्याला इंग्रजीत नुसते ‘कुक’ म्हणणे अपुरे ठरते. पद मुळात भोजनव्यवस्थेचे असून राजाच्या जवळिकीमुळे त्याला राजकीय वजन आले, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

‘ज्वांग-त्झ’ या प्राचीन ताओवादी ग्रंथातील बैल कापणारा ‘पाओ दिंग’ याच्याबाबतही मतभेद आहेत. ‘पाओ’ म्हणजे पाकशाळा किंवा आचारी. ‘दिंग’ हे काहींच्या मते व्यक्तिनाम, तर काहींच्या मते कामकरी या अर्थाचे सामान्यनाम. चिनी ग्रंथांचे स्कॉटिश भाषांतरकार जेम्स लेग यांनी १८९१च्या भाषांतरात नाव न देता ‘कुक’ एवढेच म्हटले. पुढे ‘कुक दिंग’ हे रूप रुळले. स्वयंपाकाच्या सुरीसाठी असलेला जपानी ‘होचो’ हा शब्द याच नावावरून आला.

दरबारी खात्यांपैकी ‘ग्वांगलू-स’साठी (दरबारी भोजन-मेजवान्यांचे खाते) चिनी इतिहासाचे अभ्यासक चार्ल्स हकर यांच्या १९८५च्या पदनामकोशातील ‘कोर्ट ऑफ इंपीरियल एंटरटेनमेंट्स’ हा पर्याय प्रचलित आहे. हान काळात याच्याशी मिळत्याजुळत्या नावाचे पद राजवाड्याच्या पहाऱ्याशी निगडित होते, म्हणून काळ पाहूनच प्रतिशब्द निवडावा लागतो.

आधुनिक पदनामांत कँटनी (दक्षिण चीनमधील ग्वांगदोंग भागातील) पाकशाळेची परिभाषा सर्वांत बांधीव आहे. कढईवरचा ‘हाउ वोक’, कापणीच्या ओंडक्यावरचा ‘जम बान’, वाफवणारा व सुके जिन्नस भिजवून फुलवणारा ‘सेउंग जाप’, मासे मारून साफ करणारा ‘सॉइ तोइ’ आणि या सर्वांना जोडणारा ‘दा हो’. कढईवाल्यांना क्रमांक असतात. इंग्रजीत त्यांचे ‘फर्स्ट वोक’, ‘सेकंड वोक’ सहज होते. ‘दा हो’ मात्र अडतो. तो कापलेले जिन्नस घेतो, पीठ-मसाला लावतो, मागण्यांचा क्रम लावून ते कढईवाल्याच्या हाताशी देतो, ताटली तयार ठेवतो आणि शेवटी तिची कड पुसतो. ‘हो’ या चिन्हाचा शब्दशः अर्थ कमळ किंवा ओझे असा होतो, पण व्यवसायातील स्पष्टीकरणानुसार ते मूळ ‘नदी’ या समोच्चारी शब्दाच्या जागी आले असून पदनामाचा आशय कामाचा ओघ राखणे असा आहे. ही व्युत्पत्ती नंतर जुळवलेली असू शकते. कामाशी मात्र ती चपखल बसते. ‘हेल्पर’ हे भाषांतर या कसबाला न्याय देत नाही. मूळ नाव ठेवून पुढे काम सांगणे हाच उत्तम मार्ग होय. ‘जम बान’चा प्रमुखही केवळ ‘कटर’ नसतो. मालाचा साठा व खर्चाचा हिशेब बहुधा त्याच्याकडेच असतो.

अन्यत्र ‘हुंग-आन’ (भाजी-मांसाचे काम) व ‘बाय-आन’ (पिठाचे काम) अशी विभागणी आढळते. सरकारी कौशल्य-प्रमाणपत्रांत चिनी आचाऱ्याच्या पाच पायऱ्या असून पाचवी सर्वांत खालची असते.

इंग्रजी पदनामाला कायद्याचेही वजन होते. अमेरिकेत १८८२च्या बहिष्कार कायद्याने चिनी मजुरांना प्रवेश बंद झाला, व्यापाऱ्यांना नव्हे. १९१५मध्ये उपाहारगृहांचे मालक ‘मर्चंट’ वर्गात धरले जाऊ लागले. मात्र त्यासाठी त्यांनी आचाऱ्याचे किंवा वाढप्याचे काम करता कामा नये, अशी अट होती.