सोलापुरातील दूरस्थ कामाची सुरक्षा व मदतव्यवस्था

दूरस्थ काम म्हणजे कर्मचारी कचेरीबाहेर, बहुधा घरी बसून, संस्थेच्या संगणकीय व्यवस्थेवर करतो ते काम. बोलण्यात सगळे त्याला ‘वर्क फ्रॉम होम’च म्हणतात. त्यासाठी सुरक्षित वाट आखणे, ती रोज चालू ठेवणे आणि अडलेल्याला फोनवर सोडवणे ही जबाबदारी संस्थेच्या आयटी टीमची असते. सुरक्षा आणि मदत ही दोन खाती समजली जातात, पण व्यवहारात त्यांची फारकत करता येत नाही. मदतीचा फोन उचलला गेला नाही की कर्मचारी फाइल स्वतःच्या जीमेलवर पाठवतो, किंवा ओळखीच्या कुणाकडून कचेरीच्या पीसीवर एनीडेस्क (दुरून पीसी चालवण्याचे अॅप) बसवून घेतो. महिनोन्‌महिने जपलेली व्यवस्था तिथेच उघडी पडते.

सोलापुरात हा विषय दोन बाजूंनी आला. २४ मार्च २०२० रोजी देशव्यापी टाळेबंदी जाहीर झाली, तेव्हा पुण्यात नोकरी करणारी अनेक मुले लॅपटॉप घेऊन गावी परतली. सुमारे २५० किलोमीटरवरच्या कचेरीचे काम जुळे सोलापुरातल्या किंवा होटगी रोडवरच्या घरातून होऊ लागले. दुसरीकडे चादर, टॉवेल आणि गणवेशाचे कारखाने, साखर कारखाने, पतसंस्था व रुग्णालये यांना आपले हिशेब घरून चालवण्याची वेळ आली. पहिल्या प्रकारात सगळी व्यवस्था पुण्या-बंगळूरची मोठी टीम पाहते. दुसऱ्या प्रकारात दोन-तीन माणसांची टीमच सर्व्हरपासून प्रिंटरपर्यंत सगळे सांभाळते. या नोंदीचा रोख मुख्यतः या दुसऱ्या प्रकारावर आहे.

वाट कशी असावी

कचेरीच्या राउटरवर ३३८९ हा पोर्ट, म्हणजे बाहेरून आत येण्याचा क्रमांकित मार्ग, उघडून थेट रिमोट डेस्कटॉप (घरून कचेरीचा पीसी चालवण्याची विंडोजची सोय) देणे ही सर्वांत सोपी आणि सर्वांत धोक्याची रीत. इंटरनेटवर उघडलेला पोर्ट शोधणारे प्रोग्रॅम अखंड फिरत असतात आणि सापडलेल्या यंत्रावर पासवर्डांचा मारा सुरू करतात. पोर्टचा क्रमांक बदलून फारतर थोडा वेळ मिळतो. मे २०१९मध्ये उघड झालेल्या ‘ब्लूकीप’ या त्रुटीत तर जुन्या विंडोजवर पासवर्डाशिवायच शिरता येत होते. म्हणून बाहेर एकच दार ठेवावे, ते व्हीपीएनचे (इंटरनेटवरून कचेरीत येणाऱ्या सुरक्षित, खासगी वाटेचे), आणि रिमोट डेस्कटॉप त्या दाराच्या आत असावा.

लहान संस्थेला वायरगार्ड किंवा ओपनव्हीपीएन हे व्हीपीएनचे सॉफ्टवेअर पुरते. वायरगार्ड बहुधा यूडीपी पोर्ट ५१८२० वर चालते, ओपनव्हीपीएन ११९४ वर. वायरगार्डमध्ये प्रत्येक उपकरणाची चावी वेगळी असते. लॅपटॉप हरवला तर तेवढी एक चावी काढली की काम झाले. मात्र त्यात ओटीपीची सोय मुळात नसते, ती वेगळ्या व्यवस्थेने जोडावी लागते. हे ध्यानात न घेता ‘व्हीपीएन आहे ना’ म्हणून निर्धास्त राहणे महागात पडते. मे २०२१मध्ये अमेरिकेतील कोलोनियल पाइपलाइन या कंपनीची इंधनवाहिनी बंद पडली. हल्लेखोर आत आले होते ते वापरात नसलेल्या एका व्हीपीएन खात्यातून, आणि त्या खात्याला पासवर्डापलीकडे दुसरी कडी नव्हती.

उभारणीत पहिली अडचण येते ती इंटरनेटवरच्या पत्त्याची, म्हणजे आयपीची. कचेरीत साधे ब्रॉडबँड असेल तर पुरवठादार अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतो. राउटरच्या वॅन (बाहेरच्या जोडणीच्या) पानावर १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होणारा पत्ता दिसला, तर बाहेरून व्हीपीएन जोडले जाणारच नाही. तेव्हा पुरवठादाराकडून स्टॅटिक (न बदलणारा) आयपी विकत घ्यावा, नाहीतर क्लाउडवर छोटा सर्व्हर घेऊन त्याच्यामार्फत वाट काढावी.

दुसरी अडचण घरच्या आणि कचेरीच्या पत्त्यांच्या टकरीची. बहुतेक घरगुती राउटर १९२.१६८.०.० किंवा १९२.१६८.१.० ही मालिका वाटतात. कचेरीतही तीच असेल तर व्हीपीएन ‘कनेक्टेड’ दाखवते, पण सर्व्हर सापडत नाही, कारण लॅपटॉप त्याला घरातच शोधत राहतो. शंभर घरांचे राउटर बदलण्यापेक्षा कचेरीची मालिका एकदाच बदलावी, उदाहरणार्थ १०.४७.१२.०. हे काम रविवारी करावे आणि प्रिंटर व हजेरीचे मशीन विसरू नये, त्यांचे पत्ते हाताने भरलेले असतात.

तिसरी अडचण सर्वांत चकवणारी असते. लॉगिन होते, चॅट चालते, पण मोठी फाइल उघडताना सगळे थिजते. बहुतेक वेळा कारण डेटाच्या पाकिटाच्या आकारात असते. साध्या जोडणीत १५०० बाइटचे पाकीट जाते आणि पीपीपीओई (यूजरनेम-पासवर्ड टाकून चालणाऱ्या) जोडणीत १४९२चे. वायरगार्ड त्यावर स्वतःचे ६० ते ८० बाइट चढवते, म्हणून त्याचा मूळ आकडा १४२० असतो. पाकीट न तोडता १४७२ बाइटची पिंग (चाचणीचा संदेश) पाठवून पाहावी. ती गेली नाही तर आकडा उतरवत जावे आणि जी जाते तिच्यात २८ मिळवावेत, म्हणजे त्या जोडणीचे खरे माप कळते. शोधायला वेळ नसेल तर वायरगार्डमध्ये १२८० टाकून द्यावे. वेग किंचित कमी होईल, पण काम अडणार नाही.

हिशेबाचे काम

घरून टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर चालवताना डेटाचे फोल्डर व्हीपीएनवरून शेअर करण्याचा मोह होतो. तो आवरावा. टॅली डेटाच्या फायली पुन्हा पुन्हा, लहान लहान तुकड्यांत वाचते. कचेरीच्या तारेवर एका फेरीला एक मिलिसेकंदही लागत नाही, घरून ३० ते ४० लागतात, आणि तोच अहवाल मिनिटे खातो. त्याहून वाईट म्हणजे व्हाउचर जपले जात असताना जोडणी तुटली तर डेटा बिघडू शकतो. टॅली कचेरीच्याच यंत्रावर चालावी आणि घरी फक्त पडदा (स्क्रीन) यावा, हे बरे. रिमोट डेस्कटॉपवर अशा कामाला माणशी १५० ते ३०० केबीपीएस पुरतात. म्हणजे २५ माणसांना ८ एमबीपीएसच्या आसपास, पण ते कचेरीच्या अपलोडमधून जातात. अपलोड किती आहे हे आधी तपासावे, जाहिरातीतला आकडा बहुधा डाउनलोडचा असतो.

विंडोजच्या होम आवृत्तीत बाहेरून रिमोट डेस्कटॉपने शिरता येत नाही, प्रो लागते, आणि प्रोवर एका वेळी एकच माणूस बसू शकतो. अनेकांसाठी विंडोज सर्व्हर आणि माणशी परवाना घ्यावा लागतो. इंटरनेटवर फुकट मिळणारे ‘अनेक सेशन’चे पॅच लावू नयेत. ते परवान्याविरुद्ध आहेत, आणि पुढच्या विंडोज अपडेटला मोडतात.

कचेरीचा पीसी रात्री वीज जाऊन आल्यावर बंदच राहतो आणि सकाळी दहा जणांचे काम अडते. बायोसमध्ये (पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये) ‘वीज परतल्यावर सुरू व्हा’ ही सोय असते, ती आधीच लावून ठेवावी. ६०० व्हीएचा यूपीएस पीसीला फारतर १० ते १५ मिनिटे धरतो. त्याचा उपयोग काम जपून यंत्र नीट बंद करण्यापुरता.

घराच्या बाजूचे दुखणे

‘नेट गेले’ या तक्रारीमागे सोलापुरात तीन-चार ठरावीक कारणे सापडतात, आणि ती विचारण्याचा क्रम ठरवला तर निम्मे फोन पाच मिनिटांत संपतात.

पहिले ऊन. एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांच्या वर राहतो, आणि बहुतेक घरगुती राउटर ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठीच बनवलेले असतात. पत्र्याच्या खोलीत, भिंतीवर उंच ठोकलेला राउटर दुपारी दोननंतर अडखळतो आणि संध्याकाळी आपोआप सुधारतो. तक्रारीच्या नोंदवहीत वेळ लिहिली असेल तरच हा मेळ दिसतो. राउटर खाली, फरशीपासून दोन-तीन फुटांवर, टीव्हीच्या मागे नव्हे तर मोकळ्यावर ठेवावा.

दुसरे वीज. इन्व्हर्टरवर वीज बदलताना क्षणभर खंड पडतो. तेवढ्यात फायबरचा डबा आणि राउटर नव्याने सुरू होतात आणि दोन-तीन मिनिटे जातात. इन्व्हर्टरला मागे ‘यूपीएस’ असे बटण असल्यास ते त्या बाजूला करावे. नाहीतर १२ व्होल्टचा छोटा राउटर-यूपीएस घ्यावा. त्यात १०,००० एमएएच बॅटरी असेल तर साधारण ३७ वॉट-तास साठतात, आणि १० वॉट खाणाऱ्या जोडीला तीन तास मिळतात. घेण्यापूर्वी राउटरच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट व अँपिअर वाचावेत. ९ व्होल्टच्या राउटरला १२ दिले तर तो जळू शकतो.

घरची वीज सांभाळूनही नेट गेले तर खोट गल्लीत असते. पूर्ण फायबर जोडणीत वाटेतल्या विभाजकांना वीज लागतच नाही. पण काही केबलवाले मध्येच, कुणाच्या तरी जिन्यात, विजेवरचा स्विच बसवतात. त्या घरची लाइट गेली की चार गल्ल्या बंद. जोडणी घेतानाच हे विचारावे. कामावर अवलंबून असणाऱ्याकडे दुसऱ्या कंपनीचे मोबाइल नेट राखीव असावे. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वर यात्रेची, म्हणजे गड्ड्याची, होम मैदानाभोवती मोठी गर्दी असते. त्या भागात राहणाऱ्यांनी त्या दिवसांत फक्त मोबाइल नेटवर विसंबू नये.

शहराच्या पूर्वभागात अनेक घरांना लागूनच यंत्रमाग चालतात. मागाची मोटर सुरू होताना त्या फेजवर व्होल्टेज दबते आणि कमकुवत अडॅप्टरचा राउटर रीस्टार्ट होतो. राउटरला वर सांगितलेला छोटा यूपीएस लावला की हे थांबते. आवाजासाठी खोली बदलणे सगळ्यांना शक्य नसते. तोंडाजवळ माइक येणारा तारेचा हेडसेट दिला तर खटखट बरीच कमी ऐकू जाते. हा खर्च संस्थेने करावा.

ओळख आणि फोनवरची मदत

दुसरी कडी म्हणून एसएमएसच्या ओटीपीपेक्षा ऑथेंटिकेटर अॅप बरे, कारण नकली सिम काढून एसएमएस पळवता येतो. अॅपमधला आकडा दर ३० सेकंदांनी बदलतो आणि फोनच्या घड्याळावर चालतो. आकडा बरोबर टाकूनही नाकारला जात असेल तर आधी फोनची वेळ ‘ऑटोमॅटिक’वर आहे का ते पाहावे. नुसते ‘मंजूर’ दाबायचे अॅप असेल तर कर्मचाऱ्याला एक गोष्ट बजावून सांगावी: आपण लॉगिन करत नसताना विचारणा आली तर नाकारा आणि लगेच कळवा.

पासवर्ड बदलून देण्याची विनंती हे सर्वांत नाजूक दार. ‘सर, मी अकाउंट्समधून बोलतोय, जरा घाई आहे’ एवढ्यावर पासवर्ड देऊ नये. फोन ठेवावा, नोंदवहीतल्या नंबरवर स्वतः परत लावावा, आणि शंका असल्यास विभागप्रमुखाला सोबत घ्यावे. मालकांचा फोन असला तरी नियम तोच. किंबहुना भामटे मालकांचेच नाव सांगतात.

घरून पासवर्ड बदलल्यावर ‘लॅपटॉप जुनाच पासवर्ड मागतो’ ही तक्रार हमखास येते. लॅपटॉपने शेवटचा पासवर्ड स्वतःपाशी जपलेला असतो. क्रम असा: आधी व्हीपीएन जोडावे, मग पासवर्ड बदलावा, आणि व्हीपीएन चालू असतानाच स्क्रीन लॉक करून नव्या पासवर्डाने उघडावी.

पडदा पाहून मदत करायला कोणते अॅप वापरायचे ते एकच ठरवावे आणि सर्वांना आधी कळवावे. अशा अॅपमधून होणाऱ्या लुबाडणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९मध्येच बँकांना सावध केले होते. कर्मचाऱ्याने मदत मागितल्याशिवाय टीम कधीच जोडणी मागणार नाही, हे वाक्य लॅपटॉपवर चिकटवलेल्या चिठ्ठीत असावे. चिठ्ठी मराठीत असावी, गरजेनुसार तेलुगू आणि कन्नडमध्येही. फोनवर तर माणूस ज्या भाषेत सहज बोलतो तीच चालवावी. घाबरलेला माणूस परक्या भाषेत ‘सगळे बंद पडले’ एवढेच सांगू शकतो.

लॅपटॉप

घरी देण्यापूर्वी डिस्क कूटबद्ध (चावीशिवाय वाचता न येणारी) करावी, आणि विंडोजमधल्या बिटलॉकर या कूटबद्धतेच्या सोयीची ४८ अंकी चावी संस्थेकडे पोहोचली आहे हे डोळ्यांनी पाहूनच लॅपटॉप हाती द्यावा. बायोस अपडेटनंतर तीच चावी मागितली जाऊ शकते आणि ती नसेल तर डेटा गेला. रोजच्या खात्याला अॅडमिन हक्क देऊ नयेत. विंडोज १०चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, म्हणून जुन्या यंत्रांना वाढीव सुरक्षा अपडेट घ्यावेत किंवा ती बदलावीत. मायक्रोसॉफ्टचे मासिक अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी रात्री, आपल्याकडे प्रत्यक्षात बुधवारी सकाळी, उतरतात. ते व्हीपीएनमधून न ओढता थेट घरच्या नेटवरून घ्यायला लावावेत, नाहीतर कचेरीची लाइन गच्च होते.

हुतात्मा एक्सप्रेसमध्ये लॅपटॉप राहिला तर क्रम महत्त्वाचा. आधी खाते बंद, मग चालू असलेली सर्व सेशन (उघडी लॉगिन) रद्द, मग व्हीपीएनची चावी रद्द, त्यानंतर पोलिसांत तक्रार. नुसता पासवर्ड बदलून भागत नाही, उघडी सेशन काही काळ चालूच राहतात. दुरून डेटा पुसण्याचा आदेश लॅपटॉप नेटवर आला तरच लागू होतो, त्यामुळे खरा आधार कूटबद्ध डिस्कचाच.

नियम

दूरसंचार विभागाने ५ नोव्हेंबर २०२० रोजी कॉल सेंटरसारख्या सेवांची नोंदणीची अट काढली, आणि घरून काम करणाऱ्या प्रतिनिधींची वाट मोकळी झाली. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार ठरवून दिलेल्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवाव्या लागतात, आणि लॉग (यंत्रांवरच्या हालचालींच्या आपोआप होणाऱ्या नोंदी) १८० दिवस जपावे लागतात. बहुतेक स्वस्त राउटर लॉग स्वतःच्या छोट्या स्मृतीत ठेवतात, रीस्टार्ट झाला की ते पुसले जातात. म्हणून कचेरीत एक जुना पीसी लॉग साठवण्यासाठी राखून ठेवावा आणि राउटर, व्हीपीएन व सर्व्हर यांचे लॉग त्याकडे वळवावेत. घड्याळेही एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवावी लागतात. तीन यंत्रांत चार-चार मिनिटांचा फरक असेल तर कोण आधी आत आले हे लॉग वाचून ठरवता येत नाही. पैसे गेले असतील तर १९३० हा सायबर फसवणुकीचा मदत क्रमांक त्याच मिनिटाला लावावा. हा क्रमांक, विभागप्रमुखांचा नंबर आणि व्हीपीएनची चावी रद्द करण्याच्या पायऱ्या एका कागदावर छापून सर्व्हरच्या खोलीत लावाव्यात, कारण तशा वेळी संगणकातली फाइल उघडेलच असे नाही.