पेन, डॅनियल अलेक्झांडर

पेन, डॅनियल अलेक्झांडर : (२४ फेब्रुवारी १८११ – २ नोव्हेंबर १८९३). अमेरिकेतील आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च या कृष्णवर्णीयांच्या स्वतंत्र प्रॉटेस्टंट चर्चचे बिशप, त्या चर्चचे इतिहासकार व ओहायओतील विल्बरफोर्स विद्यापीठाचे अध्यक्ष. जन्म साउथ कॅरोलायनातील चार्ल्सटन येथे, गुलामगिरीत नसलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबात. आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. सुतारकामाची उमेदवारी सांभाळून त्यांनी बरेचसे शिक्षण स्वतःच्या बळावर घेतले. पुढे ग्रीक, लॅटिन व फ्रेंचही आत्मसात केल्या.

१८२९ मध्ये त्यांनी चार्ल्सटनमध्ये शाळा काढली. सुरुवातीला तीन मुले आणि रात्री शिकायला येणारे काही प्रौढ गुलाम एवढाच वर्ग होता; फी माणशी महिना ५० सेंट. शाळा चांगली वाढली, पण १८३४ च्या अखेरीस राज्य विधिमंडळाने कृष्णवर्णीयांच्या शिक्षणाला आळा घालणारा कायदा केला आणि १८३५ मध्ये ती बंद करावी लागली. पेन उत्तरेकडे गेले व पेनसिल्व्हेनियातील गेटिसबर्गच्या लूथरन (मार्टिन लूथरच्या शिकवणीवर आधारित प्रॉटेस्टंट पंथाच्या) धर्मविद्यालयात दाखल झाले. डोळ्यांच्या विकारामुळे तेथील अभ्यास अर्धवट राहिला. लूथरन पंथात त्यांना प्रवचनाची अनुज्ञा १८३७ मध्ये, तर धर्मगुरुपदाची दीक्षा १८३९ मध्ये मिळाली; हे दोन टप्पे वेगळे धरणेच योग्य. आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चमधील त्यांचा प्रवेश साधारणतः १८४१ च्या सुमारास झाला.

धर्मगुरूंनी शिकलेच पाहिजे, हा पेन यांचा आयुष्यभराचा आग्रह होता. पुस्तकी विद्येने भक्ती आटते, असे मानणारा मोठा वर्ग त्या काळी चर्चमध्ये होता. चर्चच्या १८४४ च्या सर्वसाधारण परिषदेत धर्मगुरूंसाठी ठरावीक अभ्यासक्रम असावा, हा त्यांचा ठराव आधी फेटाळला गेला आणि फेरविचारात मंजूर झाला. व्याकरण, भूगोल, अंकगणित हे विषयही त्यात होते. १८५२ मध्ये ते बिशप झाले. गोल रिंगणात नाचत गाण्याच्या उपासनापद्धतीला मात्र त्यांचा कडवा विरोध होता. ती आफ्रिकी परंपरेचा मोलाचा ठेवा होती, असे आजचे अभ्यासक मानतात. या बाबतीत पेन यांची दृष्टी संकुचित ठरली, असेच म्हणावे लागते.

विल्बरफोर्सच्या स्थापनावर्षाबद्दल दोन मते आढळतात. गोऱ्यांचे प्राबल्य असलेल्या मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चने ओहायओतील झीनिया गावाजवळच्या टावावा स्प्रिंग्ज या विश्रामस्थळी १८५६ मध्ये ही संस्था सुरू केली. पेन तेव्हाही विश्वस्त मंडळावर होते. दक्षिणेतील गोऱ्या मळेवाल्यांना गुलाम स्त्रियांपासून झालेली मुले हा विद्यार्थ्यांतील मोठा गट होता. यादवी युद्धात तो ओघ व त्याबरोबरचा पैसा थांबला आणि १८६२ मध्ये संस्था बंद पडली. मार्च १८६३ मध्ये १०,००० डॉलरला मालमत्ता आपल्या चर्चसाठी विकत घेण्याचे पेन यांनी कबूल केले, तेव्हा त्यांच्या हाती रोख अशी रक्कम नव्हती. त्याच वर्षी संस्थेची नव्याने नोंदणी झाली व पेन तिचे अध्यक्ष झाले. विद्यापीठ स्वतः १८५६ हेच वर्ष मानते. संस्थेचे नाव व जागा कायम राहिल्याने ते स्वीकारता येते. परंतु मालकी, कारभार आणि अध्यक्षपद या दृष्टींनी १८६३ हे वर्ष अधिक निर्णायक दिसते. ‘पहिले कृष्णवर्णीय महाविद्यालयाध्यक्ष’ हे पेन यांचे वर्णनही याच वर्षावर उभे आहे. पेनसिल्व्हेनियातील चेनी (१८३७) व लिंकन (१८५४) या संस्थांचा आरंभ आधीचा आहे. मात्र चेनीचे मूळ रूप शाळेचे होते आणि लिंकनचे आरंभीचे प्रमुख गोरे होते. म्हणून हे वर्णन महाविद्यालयीन दर्जाच्या संस्थेपुरते घेतल्यास ग्राह्य ठरते.

१४ एप्रिल १८६५ रोजी, म्हणजे राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली त्याच दिवशी, संस्थेची मुख्य इमारत आगीत भस्मसात झाली. पुढच्याच महिन्यात पेन ३० वर्षांनी चार्ल्सटनला परतले व तेथे चर्चची साउथ कॅरोलायना परिषद (प्रादेशिक संघटना) स्थापन केली. इमारत पुन्हा उभी राहिली. १८७६ पर्यंत ते अध्यक्षपदी होते. त्यांचे आत्मचरित्र १८८८ मध्ये व चर्चचा इतिहास १८९१ मध्ये प्रसिद्ध झाला. १८९३ च्या शिकागो सर्वधर्मपरिषदेत, जिच्यामुळे स्वामी विवेकानंद जगाला ठाऊक झाले, एका सत्राचे अध्यक्षस्थान पेन यांच्याकडे होते. त्यानंतर काही आठवड्यांतच विल्बरफोर्स येथे त्यांचे निधन झाले. तेथील पेन धर्मविद्यालयाला त्यांचेच नाव दिलेले आहे.