एजंटचा प्रस्ताव वेगळा, एजंटचा पीआर वेगळा

कोडिंग एजंटला, म्हणजे स्वतः कोड वाचून बदलणाऱ्या एआय प्रोग्रॅमला, त्याच्याच प्रोजेक्टमध्ये सुधारणा सुचवू द्यायच्या का असा विषय निघाला की बरेच जण म्हणतात, आम्ही देतोच की, तो पीआर (पुल रिक्वेस्ट, मंजुरीसाठी पाठवलेला तयार बदल) टाकतो, आम्ही बघतो आणि पटलं तर मर्ज करतो, म्हणजे मूळ कोडमध्ये घेतो. माझ्या मते हे सुचवणं नाहीच, हे करून समोर ठेवणं झालं. दोन्हीकडे शेवटचा होकार माणसाचाच असतो म्हणून बाहेरून सारखं दिसतं, पण होकार कशाला मागितलाय ते पार वेगळं असतं. प्रस्तावात विचारलेलं असतं "हे करायचं का?" आणि पीआरमध्ये "हे नीट केलंय का?" एकदा का दोनशे ओळींचा डिफ (जुन्या-नव्या कोडमधला फरक) आणि शेजारी टेस्ट पास झाल्याची हिरवी खूण समोर आली की आपण व्हेरिएबलची नावं तपासायला लागतो आणि पहिला प्रश्न विचारायचाच राहून जातो.

माझ्याकडे घडलेलं सांगतो. एका छोट्या प्रोजेक्टमध्ये सीएसव्ही फाइलमधून नोंदी आत घेणारा इम्पोर्टर आहे. तारीख ०३/०४ अशी आली की तो तिथेच थांबतो आणि ओळीचा नंबर देऊन एरर दाखवतो, कारण ती ३ एप्रिल की ४ मार्च हे नुसती फाइल बघून कळायला मार्ग नाही. मी एजंटला सांगितलं होतं, कोड वाच आणि सुधारणा वाटेल तिथे पीआर टाक. त्याने टाकला, नाव होतं "तारखांचं पार्सिंग जास्त लवचिक केलं". कोड स्वच्छ, सगळ्या टेस्ट पास. मी अप्रूव्ह करणारच होतो, तेवढ्यात डिफच्या अगदी तळाशी टेस्टच्या फाइलकडे लक्ष गेलं. इथे एरर आलीच पाहिजे असं तपासणारी जी टेस्ट होती ती त्याने बदलून "३ एप्रिल यायला पाहिजे" अशी करून टाकली होती. आता त्याच्या बाजूने बघा, कोडमध्ये त्याला इम्पोर्टर थांबतो एवढं दिसलं, का थांबतो ते दिसलं नाही, कारण ते फक्त माझ्या डोक्यात होतं. हेच त्याने आधी दोन ओळींत विचारलं असतं, की इम्पोर्टर इथे अडतोय, अंदाज लावू दे का, तर "नको, मुद्दाम आहे" एवढं लिहून मी अर्ध्या मिनिटात मोकळा झालो असतो आणि कारणही कुठेतरी लिहिलं गेलं असतं.

माणसांसाठी ही फोड फार आधीपासून आहे. पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेत २००० पासून पेप आहेत, रस्ट या भाषेत २०१४ पासून आरएफसी, दोन्ही म्हणजे बदलाचे लेखी प्रस्ताव. साध्या बगफिक्ससाठी तिथे कोणी एवढा व्याप करत नाही, पण भाषेचं वागणं बदलणार असेल तर आधी लेखी मांडा, चर्चा होऊ द्या, मग कोड. छोट्या टीममध्ये असं काही लेखी नसायचं तरी चालून जायचं, कारण दोन दिवस घालवून कोड लिहायचा आणि मग "नको" ऐकायचं हे कोणालाच नको असतं, म्हणून माणूस आपणहून आधी विचारायचा. एजंटला ते दोन दिवस लागतच नाहीत, त्यामुळे तो ब्रेक निघून गेलाय आणि तो आपल्यालाच मुद्दाम परत बसवावा लागतो.

यावर कोणी म्हणेल की एजंट स्वतःचा कोड थेट बदलून सुधारतात हे सिद्ध झालंय. झालंय, खरं आहे. २०२५ मध्ये साकाना एआय ही कंपनी आणि ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठ इथल्या लोकांनी डार्विन गोडेल मशीन नावाची स्वतःला सुधारणारी सिस्टिम केली, त्यात एजंटने स्वतःची टूल्स आणि कामाची पद्धत बदलत बदलत खऱ्या प्रोजेक्टमधले बग सोडवायला देणाऱ्या एसडब्ल्यूई-बेंच या चाचणीवरचा स्कोअर २० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर नेला, आतलं एआय मॉडेल तेच ठेवून. पण तिथे काम बंदिस्त सँडबॉक्समध्ये होतं आणि बरंवाईट ठरवायला एक आकडा होता. आणि तरीसुद्धा, टूल न वापरताच वापरल्याचं सांगणं पकडायला ज्या खुणा ठेवल्या होत्या, त्या खुणाच एजंटने काही वेळा काढून टाकल्या, तसं करू नको असं सांगितलेलं असतानाही, हे त्यांनी स्वतःच नोंदवलंय. आपल्या प्रोजेक्टमध्ये "हे कोणाला हवंय का" याचा आकडा देणारा बेंचमार्क कुठून आणणार?

टायपो, तुटलेली लिंक, डिपेंडन्सीचं (वापरलेल्या बाहेरच्या लायब्ररीचं) व्हर्जन, याला थेट पीआर चालतो, व्हर्जनसाठी डिपेंडाबॉट हा बॉट वर्षानुवर्षं तेच करतोय.

बाकीच्यासाठी प्रॉम्प्टमध्ये "फक्त सुचव, बदलू नकोस" लिहून भागत नाही, परवानगीच तेवढी द्यायची. कोड ठेवायच्या गिटहब साइटवर वर्कफ्लोच्या (आपोआप चालणाऱ्या कामाच्या) टोकनला, म्हणजे परवानगीच्या किल्लीला, इश्यू (सूचना किंवा तक्रारीची नोंद) लिहायचा हक्क देता येतो आणि कोड फक्त वाचण्यापुरता ठेवता येतो. मग इश्यू वाचून माणसाने लेबल लावलं की वेगळा वर्कफ्लो, ज्याला ब्रँचवर (कोडच्या वेगळ्या फांदीवर) बदल पुश करता येतात, तो काम सुरू करतो. इश्यूमध्ये मी तीन गोष्टी मागतो: काय दिसलं आणि कुठल्या फाइलमध्ये, ते पुन्हा कसं घडवून बघायचं, आणि नाही केलं तर कोणाचं काय अडतं. तिसऱ्याचं उत्तर गुळमुळीत आलं की बहुतेक वेळा सुधारणा नको असते.

प्रस्तावांचाही त्रास होतो, तो म्हणजे पूर. कर्ल या ओपन सोर्स टूलचे मुख्य मेंटेनर (सांभाळणारे) डॅनियल स्टेनबर्ग २०२४ पासून लिहितायत की एआयकडून लिहून घेतलेले पोकळ सिक्युरिटी रिपोर्ट मेंटेनरचा किती वेळ खातात, आणि त्यांनीच २०२५ मध्ये एआय टूल्स नीट वापरून शोधलेल्या खऱ्या बगचं कौतुकही केलंय. म्हणून एजंटचे एका वेळी तीनच इश्यू उघडे राहतील असं मी ठरवलं, आधीचे निकालात निघाल्याशिवाय चौथा नाही. शिवाय दर नव्या सेशनला तो आधीचं सगळं विसरलेला असतो आणि नाकारलेलीच कल्पना नव्या नावाने घेऊन येतो, म्हणून रेपोमध्ये (कोडच्या साठ्यात) नाकारलेल्या प्रस्तावांची एक फाइल ठेवलीय, कारणासकट, आणि सुचवण्याआधी ती वाचायची असं एजंटसाठीच्या सूचनांच्या एजंट्स.एमडी फाइलमध्ये लिहिलंय. नाकारलेल्यांच्या त्या फाइलची पहिली ओळ आहे: तारीख ०३/०४ अशी आली की इम्पोर्टरने थांबायचं, अंदाज लावायचा नाही.