प्राण्याला हरवणे आणि प्राण्याच्या तावडीतून सुटणे

कराटे किंवा कुस्ती येणारा माणूस बिबट्याशी लढू शकेल का, असे विचारले जाते तेव्हा त्या एका प्रश्नात दोन निराळे प्रश्न मिसळलेले असतात. प्राण्याला हरवता येईल का, हा पहिला. आणि त्याच्या तावडीतून जिवंत सुटता येईल का, हा दुसरा. पहिल्यासाठी तालमीतले कसब फारसे कामाला येत नाही. दुसऱ्यासाठी त्यातला काही भाग येतो, पण तो सहसा ठोसा किंवा डाव नसतो.

हरवण्याच्या बाजूने काही दाखले नेहमी दिले जातात. मेलेल्या प्राण्यांची कातडी घडवलेल्या साच्यांवर चढवून ते संग्रहालयांसाठी हुबेहूब उभे करणाऱ्या कार्ल एकली या अमेरिकन कारागिराने १८९६ मध्ये सोमालीलँडमध्ये एका बिबट्याला नुसत्या हातांनी मारले, ही घटना खरी आहे; मात्र तो बिबट्या सुमारे ३६ किलोचा होता आणि एकलीच्या गोळीने आधीच जखमी झालेला होता. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडोतील डोंगरवाटेवर धावणाऱ्या एका माणसाने प्यूमाच्या, म्हणजे तिथल्या मार्जारकुळातल्या हिंस्र प्राण्याच्या, मानेवर पाय दाबून त्याला गुदमरवले, पण ते जेमतेम चार-पाच महिन्यांचे पिल्लू होते. क्योकुशिन कराटेचे संस्थापक मासुतात्सु ओयामा यांनी ५२ बैलांशी झुंज दिल्याचे सांगितले जाते. हा आकडा बाजूला ठेवला, तरी समोर आणून उभा केलेला बैल आणि उसाच्या सरीतून आवाज न करता येणारा बिबट्या यांची तुलना होऊ शकत नाही.

याचे कारण सरळ आहे. प्रत्येक युद्धकला माणसाच्या शरीरावर बेतलेली असते: दोन पायांवरचा तोल, हनुवटी, उलट्या दिशेने न वळणारा कोपर आणि वेदना झाली की माघार घेणारे मन. चार पायांवरच्या प्राण्याला पाडणे कठीण असते, त्याची कातडी सैल असल्याने पकड निसटते आणि सांधा पिळला म्हणून तो हार मानत नाही. बिबट्याचा पूर्ण वाढलेला नर ५० ते ७० किलोंचा, म्हणजे वजनाने आपल्याइतकाच असतो. पण तो जबडा आणि चारही पंजे एकाच वेळी वापरतो. शिवाय तो बहुधा मागून येतो आणि मान धरतो. शिरूर तालुक्यातील पिंपरखेडच्या गावकऱ्यांनी २०२५ मध्ये शेतात जाताना गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालायला सुरुवात केली, ती याच अनुभवातून.

सुटण्याच्या प्रश्नाकडे वळले, की आपल्याच दोन जुन्या कलांमधला फरक उपयोगी ठरतो. कुस्तीचा पाया अंतर मिटवण्यात आहे. पैलवान अंगाला भिडल्याशिवाय डाव लागत नाही आणि हिंस्र प्राण्यासमोर नेमके तेच टाळायचे असते. मर्दानी खेळातल्या लाठीचा पाया अंतर राखण्यात आहे. ती फिरवणाऱ्याला दूरवरच्या हालचालीचा अंदाज असतो, त्याचे पाय मागे सरताना अडखळत नाहीत आणि त्याच्या हातातल्या काठीमुळे तो मोठाही दिसतो. माझ्या मते लाठीचे हे शिक्षण कराटेतल्या कुठल्याही पट्ट्याच्या रंगापेक्षा मोलाचे आहे. बिबट्यांचा वावर असलेल्या जुन्नर भागात हातात काठी आणि बॅटरी ठेवा, मोठ्याने बोलत चला, अंधारात उघड्यावर वाकून बसू नका, असे सांगितले जाते, आणि त्यातले एकही काम हाणामारीचे नाही. कुस्तीतून मात्र एक गोष्ट खरोखर मिळते: धक्का बसल्यावर पाय रोवून उभे राहण्याची आणि पडलेच तर मान वाचवून पडण्याची सवय. बिबट्याने धरलेच, तर गप्प पडून न राहता ओरडत, हाताला येईल त्याने त्याच्या डोळ्यांवर आणि नाकावर मारत राहावे लागते. तेव्हा दम टिकवण्याची ही तालीम कामाला येते.

अस्वलाच्या बाबतीत हाच सल्ला उलटा पडतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात मोहफुले वेचताना अचानक समोर येणारे अस्वल शिकारीसाठी नव्हे, तर दचकून हल्ला करते आणि त्याचा पंजा बहुधा चेहऱ्यावर पडतो. ते अंगावर आलेच, तर पालथे पडून दोन्ही हातांनी मान झाकून निश्चल राहावे, असे जाणकार सांगतात, कारण धोका संपला असे वाटले की ते निघून जाण्याची शक्यता असते. उसळून प्रतिकार करायला शिकलेल्या माणसाला हे फार जड जाते, आणि समोर कोणता प्राणी आहे हे ओळखणे कुठल्याही आखाड्यात शिकवले जात नाही.

भटक्या कुत्र्यांपुढे कसबाचा उपयोग त्यातल्या त्यात जास्त होतो. पळू नये, उभे राहावे, दगड उचलण्यासाठी वाकल्यासारखे करावे आणि चावा घेण्याइतके ते जवळ आलेच तर दप्तर किंवा चप्पल पुढे करावी. मात्र इथे हरवणे आणि सुटणे यांतले अंतर सर्वांत स्पष्ट होते, कारण लाथेने पळवून लावलेल्या कुत्र्याचा एक ओरखडाही रेबीजचा धोका ठेवून जातो. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुणे आणि त्याच दिवशी लसीची पहिली मात्रा घेणे, हे काळा पट्टा मिळवलेल्यालाही चुकत नाही.